रेइनोची न चुकणारी रायफल

१ ऑक्टोबर १९९४, शनिवार

आज शिकारी कॅम्पची वार्षिक सभा झाली. सभा म्हणजे जंगलातली एक लाकडी खोली, एक स्टोव्ह, बिअर आणि बापे. बाई मी एकटी. कप्तान क्लोव्हिस बोशाँ. हा माझ्या रसायनशास्त्राच्या वर्गात दोन वर्षं बसला. शेवटी मी त्याला काठावर पास केलं, ते त्याच्या भल्यासाठी नाही, तर तिसऱ्या वर्षी त्याचं तोंड बघायला नको म्हणून. आता तो आमचा कप्तान आहे. या जिल्ह्याचं पुढे काय होणार याची मला पूर्ण कल्पना आहे.

ठराव असा. टेकडीवरचं लपण, जिथे माझा नवरा रेइनो तीस वर्षं रायफल घेऊन बसला, ते माझ्याकडे राहील. मात्र हरणांच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे पंधरा नोव्हेंबरला, माझी रायफल वाजली पाहिजे. नाही वाजली तर लपण क्लोव्हिसच्या जावयाला, आणि मी स्वयंपाकघरात, मांस-बटाटे भरलेल्या पास्ट्या भाजत.

यामागे गेल्या वर्षीचा प्रकार आहे. रेइनो गेल्यावर मी पहिल्यांदाच त्याच्या जागी बसले होते. मोठ्या शिंगांचा नर समोर येऊन उभा राहिला. मी चाप ओढला. टक्. पुन्हा ओढला. टक्. नराने माझ्याकडे पाहिलं आणि कंटाळून निघून गेला. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या दिराने, उर्होने, दुर्बिणीतून पाहिलं आणि सर्वांना सांगितलं.

क्लोव्हिस म्हणाला, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या हातच्या पास्ट्यांना तोड नाही हो." मी म्हटलं, तुझ्या प्रयोगवहीलाही तोड नव्हती. नियम म्हणजे नियम, मला मान्य आहे. मी आयुष्यात कोणाला ग्रेस मार्क दिला नाही, मला कोणाचा नको.

निघताना मी फक्त स्टोव्हमागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून या भिंतीवर खिळ्याने ठोकतात, ही कॅम्पची जुनी रीत. क्लोव्हिसची टोकं मोजत बसावं लागतं. उर्होच्या टोकांची गोधडी शिवता येईल. रेइनोचं एकही नाही. तीस वर्षांत एकही नाही. ते मी मोठ्याने सांगितलं. उर्होला ठसका लागला.

४ ऑक्टोबर

रायफल काढली. माल अस्सल आहे. मूळची रशियन फौजेची. हिवाळी युद्धात आपल्या फिनिश लोकांनी त्यांच्या हातून हिसकावली, पुढे फिनलंडने जुना साठा विकायला काढला तेव्हा रेइनोने इथे अमेरिकेत टपालाने मागवली. दस्त्यावर फिनिश फौजेचा शिक्का आहे. उर्होची रायफल नवी, दुर्बीणवाली, गॅरेजवाल्याच्या टायपिनसारखी चकचकीत. आमच्या हत्याराला इतिहास आहे.

नळीतून चिंधी ओढली. तपकिरी मेणासारखं ग्रीस निघालं, काजळीचा कण नाही. रेइनो घरात मोजे कुठेही टाकायचा, पण रायफल किती स्वच्छ ठेवायचा ते यावरून कळतं.

६ ऑक्टोबर

खडीच्या खाणीत चाचणी. दहा काडतुसं. दहा वेळा टक्.

काडतूस उडलं नाही तर लगेच बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, उघडायचा नसतो. कधीकधी ते उशिरा पेटतं. अर्धा मिनिट नळी मातीच्या ढिगाकडे धरून थांबायचं. घड्याळाकडे बघायला हात मोकळा नसतो म्हणून मी मूलद्रव्यं म्हणते. हायड्रोजन, हेलियम, लिथियम. शांतपणे म्हटलं तर क्रिप्टॉनपाशी अर्धा मिनिट होतं. आज दहा वेळा क्रिप्टॉन गाठला.

काडतुसाच्या बुडाला जी टोपी असते, जिच्यावर सुई आदळून ठिणगी पडते, तिच्यावर खळगा पडलाय, पण उथळ. कणकेला भीत भीत बोट लावावं तसा. निष्कर्ष सरळ आहे: काडतुसं जुनी, रशियन. टोप्या कडक झाल्यात. रशियनांनी तेव्हाही फसवलं, आताही फसवलं.

उर्हो घरी आला होता. म्हणाला, "वहिनी, बोल्ट खोला की एकदा. आत ग्रीस साठलं असेल. सुईला पुढे जायला जोर कुठून येणार?" मी त्याला समजावलं, की भावजी, ज्या माणसाने तीस वर्षं ही रायफल वापरली त्याला बोल्ट साफ करायचं कळत नव्हतं असं तुम्हाला म्हणायचंय का? तो म्हणाला, तसं नाही. मग कसं, असं मी विचारलं. त्याने वेलदोड्याच्या पावाचा आणखी एक तुकडा घेतला आणि विषय बदलला. या घराण्यात युक्तिवाद करायची पद्धत नाही. खायची आहे.

११ ऑक्टोबर

नवी काडतुसं आणली. दुकानदाराने विचारलं, "नवरा शिकारीला जातो वाटतं?" मी म्हटलं, नवरा गेला, मी शिकारीला जाते. त्याने सुटे पैसे दोनदा चुकीचे दिले.

१२ ऑक्टोबर

नवी काडतुसं. टक्. सगळी.

दुकानदार शिळा माल विकतो. तक्रार करायची आहे.

१४ ऑक्टोबर

उत्तर सापडलं. थंडी.

रायफल वर्षभर शेडमध्ये, बर्फात. लाकूड आकसतं, लोखंड आकसतं, स्प्रिंगचा जोर जातो. हे मी पोरांना शिकवलेलं आहे. क्लोव्हिसने तेव्हाही ऐकलं नव्हतं. आणि बाहेरच्या फटींतून जे थोडंफार ग्रीस डोकावतंय त्यावर औषध आपल्याकडे दर शनिवारी तापतं. उद्या सौनात, म्हणजे आमच्या फिनिश घाम काढायच्या लाकडी खोलीत, रायफल टांगणार. ऐंशी अंश, कोरडी उष्णता, दोन तास. शास्त्रीय उपाय आहे. या लोकांच्या घरोघरी सौना आहे आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

१५ ऑक्टोबर, शनिवार

सौनात वरच्या फळीच्या वर हुकाला रायफल अडकवली. आधी मी आणि रायफल बसलो. दस्ता घामेजला, ग्रीस मधासारखं ओघळायला लागलं. अतिशय समाधानकारक दृश्य. मी बाहेर आले, ती आतच ठेवली.

माझ्यानंतर दर शनिवारप्रमाणे उर्हो. दिवा लावायची त्याला सवय नाही. वरच्या फळीवर बसला.

सौनात आरडाओरडा करायचा नाही, शिवी द्यायची नाही, हे आमच्यात लहान मुलालाही शिकवतात. त्याने दोन्ही केलं. मग बर्च झाडाच्या डहाळ्यांनी पाठ झोडून घ्यायला लागला तर पानंच पाठीला चिकटली. बाहेर आला तेव्हा छाटणी न झालेल्या झुडपासारखा दिसत होता. म्हणाला, "वहिनी, दादा जिवंत असता तर त्याने मला न्याय दिला असता." मी म्हटलं, दादा जिवंत असता तर आधी दिवा लावून बसला असता.

फळी तीनदा सोड्याने घासली. डाग जात नाही. काही बिघडत नाही, डाग म्हणजे प्रयोग झाल्याचा पुरावा.

१८ ऑक्टोबर

चाचणी. रात्रभर शेडमध्ये ठेवलेली रायफल सकाळी खाणीत नेली. आधी टक् वाजायचं. आता टॅक् वाजतं. निश्चित सुधारणा आहे.

२३ ऑक्टोबर

क्लोव्हिस खाणीपाशी ट्रक थांबवून बघत उभा होता. मी ब्रोमिनपर्यंत आले होते. म्हणाला, "बाई, प्रार्थना करताय का? करा, करा. जावयाने लपणासाठी उशी घेतलीय." मी क्रिप्टॉन पूर्ण केला आणि मगच मान वळवली. विचारलं, ब्रोमिननंतर काय येतं? तो म्हणाला, "हंगाम."

वर्ग असता तर बाहेर काढला असता. खाणीतून कोणाला बाहेर काढता येत नाही.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. चाप ओढताना हल्ली माझे डोळे आपोआप मिटतात आणि तोंडात हायड्रोजन येतो. वेळ वाचतो.

२७ ऑक्टोबर

दोष स्प्रिंगचा आहे. आता शंका नाही. पन्नास वर्षं दाबून ठेवलेली स्प्रिंग म्हणजे निवृत्तीला आलेला मुख्याध्यापक. जागेवर असते, जोर नसतो. टपालाने नवी मागवली. उर्होला सांगितलं. तो म्हणाला, "स्प्रिंग बसवायला बोल्ट खोलावाच लागेल ना?" मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा.

५ नोव्हेंबर, शनिवार

स्प्रिंग नाही. टपाल खातं.

रेइनोचा तांबडा-काळा चौकड्यांचा लोकरी शर्ट काढून उन्हात टाकला. पहिल्या दिवशी हाच घालणार. कॅम्पवर सगळ्यांचे शर्ट सारखेच, अदलाबदल व्हायची, म्हणून मागच्या टोकाला पांढऱ्या दोऱ्याने मीच नाव भरलं होतं. रेइनो कांगास, पूर्ण नाव. तो म्हणायचा, "अगं, एवढ्या मोठ्या अक्षरांत कशाला? मी काय गाडीची नंबरप्लेट आहे?" धुतलेला असूनही कॉफीचा वास येतो. शिकारीहून आला की नेहमी यायचा. बारुदाचा वास मी कधीच घरात येऊ दिला नाही, हे रेइनोला पक्कं माहीत होतं.

उर्हो सौनासाठी आला. स्वतःची फळी घेऊन आला.

९ नोव्हेंबर

शेवटची चाचणी. टॅक्.

उद्यापासून जंगल शांत. हंगाम उघडेपर्यंत खाणीतसुद्धा कोणी बार काढायचा नाही, हरणं बुजतात. म्हणजे आता जे करायचं ते घरात, आणि कळायचं ते थेट पंधराला. घाबरण्यासारखं काहीही नाही. मी पास्ट्यांच्या पिठाचं प्रमाण लिहून ठेवलंय, ते स्वयंपाकघरासाठी नव्हे, सहज.

१२ नोव्हेंबर, शनिवार

स्प्रिंग आली. बोल्ट खोलला.

आत सुई नव्हती. म्हणजे होती, पण दिसत नव्हती. सगळी पोकळी तपकिरी ग्रीसने भरलेली, मेणबत्तीच्या साच्यासारखी. वरचा थर सौनात वितळून पुन्हा गोठलेला. खालचा थर जुना, कडक, एकसंध. चाकूने कापून काढला तर स्प्रिंगच्या वेटोळ्यांचे ठसे त्यावर स्वच्छ उमटले होते. सुई त्या मेणातून चालत चालत पुढे जाणार आणि टोपीला नमस्कार करून परत येणार, आदळणार कशी?

विचार केला. हे ग्रीस फौजेच्या गोदामात ठेवलेल्या हत्यारांत भरतात तेच आहे. यावरून एकच अर्थ निघतो: रेइनो दर हंगाम संपला की रायफल पुन्हा अगदी गोदामातल्यासारखी भरून ठेवायचा. प्रत्येक वेळी, काजळीचा कणही न ठेवता. एवढी निगा फिनलंडच्या फौजेनेही घेतली नसेल.

दुसरा अर्थ निघत नाही.

सगळे भाग उकळत्या पाण्यात, मग रॉकेलमध्ये. सुई चमकायला लागली. नवी स्प्रिंग बसेना, भलत्याच रायफलची पाठवली आहे. जुनीच बसवली. ती धडधाकट निघाली. मुख्याध्यापकांबद्दलचं वाक्य मागे घेते.

उर्हो आला. ग्रीसचा गोळा टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवला होता. त्याने तो बोटाने ढकलून पाहिला. मी म्हटलं, पाहिलंत भावजी, तुमचा दादा किती काळजीने ठेवायचा? तो म्हणाला, "हो वहिनी. फार काळजीने." मग म्हणाला, आज सौना नको, आणि टोपी विसरून गेला.

१४ नोव्हेंबर

कॅम्पवर आले. रायफल तयार आहे. मी तयार आहे. क्लोव्हिसचा जावई तयार आहे. उशी घेऊन फिरतोय. मी त्याला म्हटलं, उशी चांगली आहे, स्वयंपाकघरातल्या खुर्चीला उपयोगी पडेल.

भिंतीकडे पाहिलं. एकही नाही. असंच राहणार.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ

जे झालं ते क्रमाने लिहिते.

उजाडताना लपणात बसले. थोड्या वेळाने नर आला. तोच. गेल्या वर्षीपेक्षा शिंगं मोठी, तोंडावरचा भाव तोच. आडवा उभा राहिला. याहून सोपा नेम बायबलमध्येही नसेल. मी नेम धरला, चाप ओढला, डोळे मिटले आणि म्हटलं, हायड्रोजन.

रायफल वाजली.

असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. खांद्यावर खेचराने लाथ मारली. मी उशी नसलेल्या फळीवरून मागे गेले आणि छपराकडे बघत पडले. वर बर्चच्या फांदीचा एक तुकडा हळूच खाली आला. हरणाला काही झालं नाही. फांदीला झालं.

दरीपलीकडून उर्होचा आवाज आला, "वहिनीऽऽ, वाजली!" तो नाचत होता म्हणे. मग सगळे घसरगाडी घेऊन हरीण ओढायला आले. क्लोव्हिसने इकडेतिकडे पाहिलं, फांदी उचलली आणि विचारलं, "बाई, हे सोलून द्यायचं की अख्खंच नेणार?" मी घडलेलं खरं सांगितलं. हायड्रोजनसकट. तो गुडघ्यावर हात ठेवून खाली बसला. म्हणाला, "हेलियमपर्यंत तरी थांबला का हो तो?"

थांबला नव्हता.

ठरावाप्रमाणे रायफल वाजली, म्हणून लपण माझं राहिलं. जावई उशी घेऊन परत गेला. आणि रीतीप्रमाणे नेम चुकला, म्हणून जेवणानंतर कप्तानाने सुरी काढली. मी उभी राहिले, पाठ केली. त्याने शर्टाचं टोक कापलं, नाव लिहायला उजेडात धरलं, आणि लेखणी खाली ठेवली.

माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. शर्ट माझ्या अंगावर होता, नाव रेइनोचं होतं. पूर्ण नाव. मोठ्या अक्षरांत.

क्लोव्हिस चाचरत म्हणाला, "बाई, राहू दे. दुसरा एखादा शर्ट कापू. रेइनोच्या नावावर कसं लावायचं? तीस वर्षांत एकही..." माझ्या समोर बसून परीक्षेत जसा बघायचा तसा बघत होता. मी म्हटलं, मी कधी तुला ग्रेस दिला होता का? नियम म्हणजे नियम. खिळा आण.

क्लोव्हिसने खिळा तोंडात धरलेला असताना उर्हो उठला. डोळे पुसत होता. म्हणाला, "लाव रे. बरंच झालं. वहिनी, दादाला फार वाटायचं, की आपलंही एखादं टोक असावं तिथे." मी विचारलं, म्हणजे काय? मग तो बोलला, खाली बघत. पहिल्या वर्षी रायफल उडलीच नाही. दादा दुरुस्त करणार होता. पण तो घरी पोचला, मी विचारलं नेम चुकला का, तो म्हणाला नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेत, चर्चमध्ये, किराणा दुकानात सगळ्यांना सांगून आले की माझा नवरा चुकला नाही. "मग तो काय करणार हो? दुरुस्त केली असती तर कधीतरी चुकला असता. तुम्हाला तोंड कसं दाखवणार?" हरणं उर्हो मारायचा. दादा लपणात कॉफी करायचा आणि बसायचा. सगळ्या कॅम्पला माहीत होतं.

सगळ्या कॅम्पला.

क्लोव्हिसने खिळा ठोकला. कोणी टाळी वाजवली नाही.

मी उर्होला म्हटलं, भावजी, आपण दमलाय, काहीतरी बोलताय. पास्ट्या वाढल्या. कमी पडल्या नाहीत.

१६ नोव्हेंबर

सकाळी हातोडी घेऊन भिंतीपाशी गेले. टोक तिरकं लागलंय. क्लोव्हिसला खिळा सरळ ठोकता येत नाही, रेघही सरळ मारता यायची नाही. हातोडी परत ठेवली. रेइनो फोटोतही तिरकाच उभा राहायचा.

उजाडताना लपणात बसले. शर्ट मागून आखूड झाल्यामुळे कमरेला वारा लागतो. फळीखाली हात घातला तर छोटा स्टोव्ह सापडला, कॉफीचं भांडं, दोन कप. एक उर्होचा असणार. भांडं आतून काळं होतं. काजळी इथे होती.

कॉफी केली. नर आला, आडवा उभा राहिला, अगदी जवळ. रायफल भरलेली होती, बोल्ट स्वच्छ, सुई मोकळी. मी चाप ओढला नाही. वाऱ्याची दिशा बरोबर नव्हती.

तो बराच वेळ उभा होता. माझी कॉफी संपेपर्यंत.